पास की तिकीट? युरोपातल्या एका जुन्या प्रश्नाची गोष्ट

युरोपला जायचं ठरलं की व्हिसा आणि विमानाची तिकिटं यांच्या खालोखाल एक प्रश्न हमखास येतो. रेल्वेचा पास काढायचा, की प्रत्येक प्रवासाचं वेगळं तिकीट घ्यायचं? मग कुणीतरी एक्सेल शीट उघडतं. एका रकान्यात शहरांच्या जोड्या, दुसऱ्यात तिकिटांचे दर, खाली बेरीज आणि शेजारी पासची किंमत. आम्हा संगणकवाल्यांना तर हा प्रकार फारच आवडतो. गंमत अशी की ती शीट आज भरली आणि तीन आठवड्यांनी पुन्हा भरली तर उत्तर बदलतं. पासची किंमत बहुधा तीच असते, तिकिटांचे दर मात्र कुठल्या कुठे गेलेले असतात.

आपल्या एसटीची 'आवडेल तेथे कोठेही प्रवास' ही योजना आठवा. चार किंवा सात दिवसांचे पैसे एकदा भरायचे आणि लाल डब्यातून हवं तिथे फिरायचं. तो पास परवडेल की नाही हे पाच मिनिटांत कळतं, कारण एसटीचं भाडं टप्प्यांवर ठरतं. जितके टप्पे तितके पैसे. त्याच दिवशी तिकीट काढा नाहीतर महिनाभर आधी काढा, पूर्वी भाडं तेच असायचं. युरोपातही एके काळी असंच होतं. ते तसं का राहिलं नाही, याची गोष्ट मोठी मजेदार आहे. आणि ती माहीत असली की पास की तिकीट या प्रश्नाचं उत्तरही बरंच सोपं होतं.

सुरुवात इंग्लंडपासून करू. तिथे सुरुवातीला रेल्वेची तिकिटं कारकून हाताने कागदावर लिहून द्यायचे. न्यूकॅसल-कार्लाइल मार्गावर थॉमस एडमंडसन नावाचा एक स्टेशनमास्तर होता. मूळचा हा सुतारकाम करणारा माणूस. त्याने १८३० च्या दशकाच्या अखेरीस पुठ्ठ्याची, छापील आणि अनुक्रमांक असलेली छोटी तिकिटं आणली, आणि त्यांवर तारीख उमटवणारं यंत्रही बनवलं. आपल्याकडे संगणकीय तिकिटं येईपर्यंत खिडकीवर 'खट्ट' आवाज करून मिळायचं ते तिकीट याच एडमंडसनचं.

पण खरा पेच पुढे होता. तेव्हा तिथे प्रत्येक मार्गाची कंपनी वेगळी होती. एका प्रवासात माणूस तीन कंपन्यांच्या रुळांवरून गेला तर पैसे कुणाचे? त्यासाठी १८४२ मध्ये लंडनला 'रेल्वे क्लिअरिंग हाऊस' सुरू झालं. वेगवेगळ्या कंपन्यांच्या प्रवाशांचे हिशेब तिथे यायचे, कारकून मैल मोजायचे आणि ज्याच्या त्याच्या वाट्याचे पैसे ठरवायचे. संगणकाच्या शंभर वर्षं आधी हाताने चालवलेला बॅच जॉबच म्हणा ना! यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे हा सगळा डोलारा एका साध्या नियमावर उभा होता. भाडं अंतरावर ठरतं. हा नियम होता म्हणून हिशेब जमत होता, आणि हिशेब जमत होता म्हणून एका तिकिटावर अनेक कंपन्यांच्या गाड्यांतून जाता येत होतं.

हीच कल्पना पुढे देशांच्या सीमा ओलांडून गेली. पहिलं महायुद्ध संपल्यावर १९२२ मध्ये पॅरिसला रेल्वेंची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली, फ्रेंच आद्याक्षरांवरून तिला यूआयसी म्हणतात. रूळ, डबे, सिग्नल यांच्याबरोबर भाड्याचे हिशेबही एकमेकांशी जुळावेत, हा तिचा उद्देश. पुढे पश्चिम युरोपात आंतरराष्ट्रीय तिकीट असं मिळायचं की ते दोन महिने चालायचं आणि वाटेत कुठेही उतरून पुन्हा चढता यायचं. म्हणजे पॅरिस ते रोम तिकीट काढा, वाटेत चार दिवस स्वित्झर्लंडमध्ये काढा, दोन दिवस मिलानमध्ये काढा, कुणी विचारणार नाही. आज आपण ज्याला लवचीक तिकीट म्हणून जास्त पैसे मोजतो, तेच तेव्हाचं साधं तिकीट होतं.

मग असं तिकीट असताना पास कशाला आला?

तर अमेरिकनांसाठी. १९५० च्या दशकाच्या अखेरीला अटलांटिकवरून जेट विमानं उडू लागली होती. १९५७ मध्ये आर्थर फ्रॉमरचं रोज पाच डॉलरमध्ये युरोप बघण्याचं पुस्तक आलं. अमेरिकन मध्यमवर्ग सुट्टीसाठी युरोपात उतरायला लागला होता, आणि युरोपातल्या रेल्वेंना त्यांचे डॉलर हवे होते. पण या पाहुण्याला घरी गाडी चालवायची सवय. रेल्वेच्या खिडकीवर दर देशात वेगळी भाषा आणि वेगळं चलन असेल तर तो सरळ भाड्याची मोटार घेणार. त्यावर १९५९ मध्ये 'युरेलपास' हा उपाय निघाला. तेरा देश एकत्र आले. ऑस्ट्रिया, बेल्जियम, डेन्मार्क, फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, लक्झेम्बर्ग, नेदरलँड्स, नॉर्वे, पोर्तुगाल, स्पेन, स्वीडन आणि स्वित्झर्लंड. पास फक्त पहिल्या वर्गाचा आणि फक्त युरोपाबाहेर राहणाऱ्यांसाठी. घरून निघतानाच डॉलर भरायचे आणि मग पाहिजे त्या गाडीत बसायचं. ब्रिटनने यात भाग घेतला नाही, त्यांचा स्वतःचा ब्रिटरेल पास होता. (ब्रिटन युरेलमध्ये आलं ते थेट २०१९ मध्ये. साठ वर्षांनी!)

खुद्द युरोपातल्या लोकांना असं काही मिळायला आणखी तेरा वर्षं लागली. यूआयसीला पन्नास वर्षं झाली म्हणून १ मार्च १९७२ ला 'इंटररेल' सुरू झाला. वय २१ पर्यंत, देशही २१ आणि मुदत एक महिना. ब्रिटनमध्ये त्याची किंमत होती साडेसत्तावीस पौंड, म्हणजे दिवसाला एक पौंडसुद्धा नाही. स्वतःच्या देशात अर्धं तिकीट आणि बाहेर सगळं फुकट. पश्चिमेकडच्या देशांबरोबर युगोस्लाव्हियासारखा समाजवादी देशही त्यात होता. मुळात ही योजना त्या एका वर्षापुरतीच होती. पण पोरं पाठीवर पिशव्या लावून अशी काही तुटून पडली की ती बंद करणं शक्यच राहिलं नाही. वयाची मर्यादा १९७६ मध्ये २३ झाली, १९७९ मध्ये २६ झाली आणि १९९८ पासून मोठ्यांसाठीही इंटररेल मिळू लागला. हॉटेलचे पैसे वाचवायला रात्रीच्या गाडीत झोपायचं आणि सकाळी जिथे जाग येईल ते शहर बघायचं, हा युरोपातल्या एका अख्ख्या पिढीचा पहिला परदेश प्रवास.

आता जरा रेल्वेच्या बाजूने विचार करू. साडेसत्तावीस पौंडात महिनाभर फिरवणं त्यांना परवडायचं कसं? उत्तर सोपं आहे. गाडी तशीही धावणारच असते. ड्रायव्हर, वीज, रूळ, सगळ्याचा खर्च झालेला असतो. रिकाम्या जागेवर एक विद्यार्थी बसला तर जास्तीचा खर्च जवळजवळ शून्य, आणि तो जे काही देईल तो फायदा. रिकाम्या जागेचं काय करायचं, या प्रश्नाचं पास हे एक उत्तर होतं. 'मोकळी आहे ना, मग बस' हे ते उत्तर.

पण याच प्रश्नाचं दुसरं एक उत्तर त्याच सुमारास अमेरिकेत तयार होत होतं, आणि ते सॉफ्टवेअरमधून आलं.

विमान उडालं की त्यातली रिकामी जागा कायमची वाया जाते. अमेरिकन एअरलाइन्समध्ये रॉबर्ट क्रँडल यांच्या काळात हे गणित मांडलं गेलं. १९७७ मध्ये कंपनीने 'सुपर सेव्हर' भाडं आणलं. लवकर पैसे भरणाऱ्याला स्वस्त आणि शेवटच्या क्षणी येणाऱ्या धंदेवाईक प्रवाशाला महाग. किती जागा स्वस्त विकायच्या आणि किती राखून ठेवायच्या, हे आरक्षणाच्या जुन्या नोंदींवरून ठरवायचं. १९७८ मध्ये अमेरिकेत विमानभाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठवायचा कायदा झाला आणि या पद्धतीला मोकळं रान मिळालं. पीपल एक्स्प्रेस नावाची एक स्वस्त विमान कंपनी तेव्हा फार जोरात होती. १९८५ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने या तंत्राने तिच्याशी भाड्यात बरोबरी केली, तीही सगळ्या जागा स्वस्त न विकता. दोन वर्षांत पीपल एक्स्प्रेसचं नाव पुसलं गेलं.

हे उत्तर रेल्वेला लागू करायचं तर एक अट असते. कुठल्या गाडीत कोण बसणार हे आधी माहीत हवं. म्हणजे आरक्षण सक्तीचं हवं. आणि नेमकी अशी एक रेल्वे फ्रान्समध्ये तयार होती. सप्टेंबर १९८१ मध्ये पॅरिस-लिऑन टीजीव्ही सुरू झाली तीच मुळी सक्तीच्या आरक्षणासह. पुढे फ्रेंच रेल्वेने अमेरिकन एअरलाइन्सच्या 'सेबर' या आरक्षण यंत्रणेवर आधारलेली प्रणाली विकत घेतली आणि १९९३ मध्ये ती 'सोक्रात' या नावाने सुरू केली. (हो, तत्त्वज्ञ सॉक्रेटिसचंच फ्रेंच नाव.) तिची सुरुवात इतकी वाईट झाली की प्रवासी आणि खिडकीवरचे कर्मचारी दोघंही भडकले. विमानासाठी घडवलेली प्रणाली रेल्वेवर बसवायची म्हणजे काय हाल होतात, हे ज्याने कधी दुसऱ्याच धंद्यासाठी लिहिलेलं सॉफ्टवेअर आपल्या ग्राहकाच्या गळ्यात बसवलं असेल त्याला वेगळं सांगायला नको. पण प्रणाली टिकली, आणि तिच्याबरोबर तिचा विचारही. किलोमीटरवर ठरणारं भाडं वेगवान गाड्यांमधून हद्दपार झालं. १९९२ ची स्पेनची एव्हीई आणि १९९४ ची युरोस्टार, या गाड्याही आरक्षणावरच चालतात.

आपल्यालाही हे आता नवीन नाही. सप्टेंबर २०१६ पासून राजधानी, शताब्दी आणि दुरांतोला जी फ्लेक्सी भाडी लागू झाली, म्हणजे दर दहा टक्के जागा विकल्या गेल्या की मूळ भाडं दहा टक्क्यांनी वर, ती याच घराण्यातली.

जर्मनीत मात्र वेगळंच घडलं. तिथे १९९२ पासून 'बानकार्ड' होतं. वर्षाचे पैसे एकदा भरले की कुठल्याही गाडीचं तिकीट निम्म्या दरात. डिसेंबर २००२ मध्ये जर्मन रेल्वेने विमान कंपन्यांच्या धर्तीवर नवी भाडेपद्धत आणली. आधी आणि ठरावीक गाडीचं तिकीट काढणाऱ्याला सूट, आणि निम्म्या दराचं ते कार्ड बंद. लोक खवळले. त्यांचं म्हणणं साधं होतं. स्टेशनवर जायचं आणि येईल त्या गाडीत बसायचं हे जमत नसेल तर ती रेल्वे कसली? प्रवासी घटले, आणि १ ऑगस्ट २००३ ला निम्म्या दराचं बानकार्ड परत आलं. आगाऊ काढायची स्वस्त तिकिटं तिथेही राहिली, पण त्यांच्या शेजारी कुठल्याही गाडीत चालणारं तिकीटही राहिलं. आरक्षण सक्तीचं झालं नाही ते नाहीच.

आणि स्वित्झर्लंड? ते या वाटेला गेलंच नाही. तिथे अर्ध्या तिकिटाचं कार्ड १८९१ पासून आहे. मे १९८२ मध्ये त्यांनी देशभर ठोक्यावर चालणारं वेळापत्रक आणलं. दर तासाला, ठरलेल्या मिनिटाला गाडी. नंतर १९८७ मध्ये 'बान २०००' या योजनेला लोकांनी मतदानाने मंजुरी दिली, आणि डिसेंबर २००४ मध्ये झुरिक-बर्न प्रवास तासाच्या आत आला. हा आकडा मुद्दाम निवडलेला होता. गाड्या तासाच्या आत पोचल्या की सगळीकडच्या गाड्या एकाच वेळी स्टेशनात येतात, लोक फलाट बदलतात आणि सगळ्या एकाच वेळी सुटतात. यात एखादी गाडी चुकली तर पुढची ठरलेल्या वेळी येतेच. जिथे कुठलीही गाडी चालते तिथे एका विशिष्ट गाडीचं तिकीट विकण्यात फारसा अर्थ उरत नाही.

तर आजचा युरोपचा नकाशा असा तयार झाला आहे. पश्चिमेला आणि दक्षिणेला, म्हणजे फ्रान्स, स्पेन, इटलीच्या वेगवान गाड्यांमध्ये, पास असला तरी आरक्षणाचे पैसे वेगळे भरावे लागतात. फ्रान्समधल्या टीजीव्हीत ते साधारण १० ते २० युरो असतात, युरोस्टारला त्याहून जास्त. शिवाय काही आंतरराष्ट्रीय गाड्यांमध्ये पासवाल्यांसाठी जागांचा कोटा असतो, तो संपला की हातात पास असूनही बसता येत नाही. रेल्वेचंही बरोबर आहे म्हणा. ज्या जागेचे शेवटच्या दिवशी शंभर युरो मिळू शकतात ती जागा पासवाल्याला कोण देईल? याउलट जर्मनी, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, नेदरलँड्स, बेल्जियम इथल्या देशांतर्गत गाड्यांत आजही बहुतेक ठिकाणी पास दाखवा आणि बसा. म्हणजे पास एकच, पण अर्ध्या युरोपात तो १९७२ सारखा चालतो आणि अर्ध्या युरोपात सवलतीच्या कूपनासारखा.

या ओढाताणीत पासही बदलत गेला. १९९० च्या दशकात स्वस्त विमानं आली, आणि शनिवार-रविवारसाठी बार्सिलोनाला उडून जाणं रात्रभर गाडीत झोपण्यापेक्षा स्वस्त पडू लागलं. इंटररेलचे १९९४ मध्ये विभाग पाडले गेले, २००७ मध्ये ते काढून पुन्हा सगळीकडे चालणारा पास आला. ऑगस्ट २०१९ मध्ये ब्रिटनच्या रेल्वे कंपन्यांनी युरेल आणि इंटररेल दोन्हींतून बाहेर पडायची घोषणा केली, आणि एवढा गदारोळ झाला की दुसऱ्याच दिवशी ती मागे घेतली. ज्या योजनेचं तिकीट फार थोडे लोक काढतात तिच्यासाठी लोक एवढे का चिडले? कारण त्यातल्या कित्येकांची विशी त्या पासवर गेली होती. २०१८ पासून तर युरोपियन युनियन स्वतःच अठरा वर्षांच्या मुलामुलींना अर्ज मागवून फुकट प्रवास पास वाटतं. आपला युरोप पोरांना कळावा तर तो रेल्वेतून, ही श्रद्धा अजून शाबूत आहे.

असो. आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आपण काय करायचं?

पास आणि तिकीट ही एकाच वस्तूची दोन पाकिटं आहेत असं समजून बेरीज केली तर घोळ होतो. आगाऊ काढलेलं स्वस्त तिकीट म्हणजे 'मी याच गाडीने जाणार' हे वचन, आणि त्या वचनाबद्दल मिळालेली सूट. पास म्हणजे ऐन वेळी बेत बदलण्याचा हक्क, आणि त्या हक्काची किंमत. मग स्वतःला विचारायचं की हा हक्क मी वापरणार आहे का?

इथे आपल्या लोकांच्या बाबतीत एक खास गोष्ट आहे. शेंगेन व्हिसासाठी अर्ज करतानाच आपण कुठल्या तारखेला कुठे राहणार याचा आराखडा आणि हॉटेलची आरक्षणं जोडतो. म्हणजे सकाळी जाग येईल ते शहर बघण्याचं स्वातंत्र्य आपण घरून निघण्याआधीच बरंचसं सोडून दिलेलं असतं. अशा वेळी पॅरिस, मिलान, व्हेनिस, रोम असा पंधरा दिवसांत मोठ्या उड्या मारणारा बेत असेल, तारखा पक्क्या असतील आणि दोन-तीन महिने हातात असतील, तर वेगळी तिकिटं आगाऊ काढलेली बरी. बहुतेक गाड्या आरक्षणवाल्याच असतील आणि पासवर पुन्हा पैसे भरावे लागतील.

पण रस्ता म्युनिक, साल्झबर्ग, झुरिक, बर्न असा असेल, एका जागी राहून रोज आसपास फिरायचं असेल, पाऊस बघून डोंगर की शहर हे सकाळी ठरवायचं असेल, तर पासचा विचार जरूर करावा. पासची किंमत भागिले प्रवासाचे दिवस, एवढंच गणित करा. त्या आकड्यापेक्षा ऐन वेळचं तिकीट महाग पडणारे दिवस किती, ते मोजा. तुलना ऐन वेळच्या दराशीच करा, कारण पासही ऐन वेळीच वापरला जातो. फक्त स्वित्झर्लंडच बघायचं असेल तर त्यांचा स्वतःचा स्विस ट्रॅव्हल पास किंवा अर्ध्या तिकिटाचं कार्ड आधी तपासा, त्यात बसेस आणि बोटीही येतात.

आणि तुमच्यापैकी जे कंपनीच्या कामासाठी तिकडे राहायला गेले आहेत त्यांच्यासाठी एक मुद्दा. युरेल की इंटररेल हे पासपोर्टवर ठरत नाही, तुम्ही कुठे राहता यावर ठरतं. ॲम्स्टरडॅमचा रहिवासी पुरावा असलेला पुणेकर इंटररेलवाला असतो. वय २७ पर्यंत असेल तर सूटही मिळते. आपल्यातल्या काहींनी घाई केलेली बरी :)

हे सगळं वाचताना एक विचार डोक्यातून जात नाही. १९७२ साली युरोपात जवळजवळ प्रत्येक सीमेवर पासपोर्ट तपासला जायचा, पण तिकीट मात्र सीमा ओलांडून एकच असायचं. १९९५ मध्ये शेंगेन करार अमलात आला आणि त्या देशांमधल्या सीमेवरच्या चौक्या उठल्या. आज पॅरिसहून निघालेल्या माणसाला बार्सिलोनापर्यंत पासपोर्ट सहसा कुणी विचारत नाही, पण त्याने पुढचा प्रवास दुसऱ्या रेल्वेने करायचा ठरवला तर दुसरी वेबसाइट, दुसरं खातं, दुसरे नियम. पहिली गाडी उशिरा आली आणि दुसरी चुकली, तर वेगवेगळ्या काढलेल्या तिकिटांची जबाबदारी बहुतेक वेळा कुणीच घेत नाही. माणसांच्या सीमा पुसल्या आणि तिकिटांच्या नव्या आखल्या गेल्या. २०२४ मध्ये युरोपियन कमिशनच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायन यांनी सबंध युरोपचा रेल्वेप्रवास एकाच तिकिटावर, एकाच ठिकाणाहून काढता येईल असा कायदा आणायचं आश्वासन दिलं. आश्वासन चांगलं आहे. फक्त वेगवेगळ्या कंपन्यांच्या रुळांवरून जाणाऱ्या माणसाला एकच तिकीट देण्याचं काम लंडनच्या त्या कारकुनांनी १८४२ मध्ये दौत-टाक घेऊन सुरू केलं होतं, एवढं लक्षात ठेवायचं.